जगणं वेगळं, पिकणं वेगळं

खारट जमिनीसाठी बियाणं निवडायचं तर ते कुठे निवडावं? खारट जमिनीतच, असं कुणीही म्हणेल. पण १९८३ मध्ये रिचर्ड्स नावाच्या ऑस्ट्रेलियन संशोधकाने हाच प्रश्न विचारला आणि उलटं उत्तर दिलं. देगलूरच्या काळ्या रानालाही ते उत्तर लागू पडतं.

गोष्ट जवापासून सुरू होते. आपल्याला जव आठवतो तो होमहवनापुरता, पण तृणधान्यांत खारटपणा सोसण्यात तो पहिल्या रांगेत आहे. मातीचा खारटपणा मोजताना तिच्यातून काढलेल्या पाण्यातून वीज किती सहज जाते ते पाहतात. मास आणि हॉफमन यांनी १९७७ मध्ये पिकांचा तक्ता मांडला. जवाचा उतारा ८ एककांपर्यंत घटत नाही, पुढे दर एककाला ५ टक्के घटतो. भात ३ एककांनंतरच दर एककाला १२ टक्के घटतो. म्हणजे १० एककांच्या जमिनीत जवाचं नुकसान १० टक्के, भाताचं ८४.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात एमॅन्युएल एपस्टाइन आणि नॉर्लिन यांनी समुद्राच्या पाण्यावर वाळूत जव वाढवल्याचं प्रसिद्ध केलं. त्यात दाणे भरले. पण गोड्या पाण्यावरच्या जवाच्या मानाने उतारा कमीच होता. मीठ बाहेर ठेवायला किंवा पेशीत कोंडून ठेवायला रोपाची ताकद खर्च होते. त्यामुळे तग धरणारं वाण भरघोस पिकेलच असं नाही.

रिचर्ड्स यांचा मुद्दा असा होता: शेत कधीच सगळीकडे सारखं खारट नसतं आणि बहुतेक धान्य कमी खारट भागातूनच येतं. मग जास्त पिकणारं वाण चांगल्या जमिनीवरच का निवडू नये?

आकडे धरून बघू. एका एकरात ४० गुंठे, त्यातले ८ बिघडलेले. समजा, पहिलं वाण चांगल्या गुंठ्यात ३० किलो देतं, बिघडलेल्यात शून्य. दुसरं, काटक वाण चांगल्यात २४ आणि बिघडलेल्यात १० किलो देतं. पहिल्याचे ९६० किलो झाले, काटक वाणाचे ८४८. आता बिघडलेले गुंठे २० धरा. पहिलं ६०० वर येतं, काटक ६८० वर. निकाल फिरला! वाण तीच आहेत, फक्त शेत बदललं.

कोकणातल्या खारजमिनी या दुसऱ्या हिशेबातल्या. तिथे भरतीचं पाणी येतं, मीठ सगळ्या खाचरात असतं. काळा रता, भुरा रता ही तांबड्या तांदळाची वाणं शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तिथे टिकवली. त्यातून निवडलेल्या भुरा रता ४-१० चा संकर फिलिपीन्सच्या आयआर-८ शी झाला. १९६६ मध्ये आलेलं आयआर-८ हे हरितक्रांतीचं भरघोस वाण. या संकरातून पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रात ‘पनवेल-१’ तयार झालं. जगणं एकाकडून, पिकणं दुसऱ्याकडून.

आपल्याकडे समुद्र नाही. इथलं मीठ पाण्यामागून येतं. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला. २५ वर्षांनी, १९१० मध्ये, हॅरल्ड मान यांना सहकाऱ्यासह नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहावी लागली. काळ्या मातीतून पाण्याचा निचरा हळू होतो. पाणी जास्त झालं की खालचे क्षार वर येतात, पाणी उडून जातं आणि पांढरा थर मागे राहतो. तो आधी सखल कोपऱ्यात दिसतो.

म्हणून ‘क्षार सहन करणारं’ असं लिहिलेली पिशवी घेण्याआधी आपले किती गुंठे बिघडलेत ते मोजायला हवं. चार कोपऱ्यांची माती वेगवेगळी तपासून घ्यावी, एकत्र कालवून नव्हे; सरासरीत बिघडलेला कोपरा लपतो. आठच गुंठे असतील तर पैसा चरावर घालावा. कितीही काटक बियाणं पेरलं तरी ते मीठ फक्त सोसतं. मीठ काढायला चरच लागतो, आणि तो नसेल तर आजचे आठ गुंठे उद्या वीस होतात.