मेंढरांनी राखलेलं रान

लेकीकडं जर्मनीत गेलो, तेव्हा नातवंडांसंगं ल्यूनेबुर्गचा माळ पायी हिंडलो. जमीन रेताड, निकस. पण ऑगस्टात हेदरच्या फुलांनी सगळी जांभळी होते. विल्सेडे या जुन्या गावात मोटारीला मज्जाव. घोडागाडीनं जा, नाहीतर चालत. शेजारची टेकडी अवघी 169 मीटर. धाकटी नातसुद्धा कुरकुर न करता चढली.

हा माळ आपसूक झालेला नाही. शेकडो वर्षं माणसानं झाडं तोडली, मेंढरं चारली, मुळांसकट वरची माती खरवडून गोठ्यात अंथरली आणि तीच शेणानं भिजल्यावर शेतात घातली. त्यातनं हे रान घडलं. मेंढरं हटली की बर्च, पाइन डोकं काढतात आणि माळ बुजतो. पुढं लोकर स्वस्त झाली, विकतचं खत आलं, कळप घटले. 1906 साली विल्हेल्म बोडे या पाद्र्यानं एका प्राध्यापकाकडून पैसे मिळवून टोटेनग्रुंडची दरी विकत घेतली, म्हणून ती वाचली.

आज तिथं रान राखायला मेंढके पगारावर आहेत. माझ्या बापानं जन्मभर मेंढरं वळली. कुरणाचा राखणदार त्याला रानाचा वैरी म्हणायचा.