मिरीच्या एका दाण्याचं भाडं

माझा भाचा लंडनला असतो. तिथे त्यानं दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आहे. परवा फोनवर म्हणाला, "मामा, घर माझं आहे, पण दर वर्षी ते एका वर्षानं कमी होतंय!" घेतलं तेव्हा भाडेपट्ट्याची ८४ वर्षं उरली होती, आता ८१ उरली आहेत. पट्टा वाढवून घेण्यासाठी वकील शोधतोय, पण घाई कशाची, ते मला कळेना. ८१ वर्षं म्हणजे त्याच्या नातवंडांपर्यंतची बेगमी की! मग इतिहासाच्या जुन्या सवयीनं मी पुस्तकं काढून बसलो.

ही गोष्ट सुरू होते एका लग्नापासून. १६७७ साली बारा वर्षांच्या मेरी डेव्हिसचं लग्न सर टॉमस ग्रोव्हनर यांच्याशी झालं. तिच्याबरोबर लंडनच्या पश्चिमेची शेतं आणि दलदल ग्रोव्हनर घराण्यात आली. आजचे मेफेअर, बेलग्रेव्हिया आणि पिमलिको हे भाग त्याच जमिनीवर उभे आहेत. अशा जमीनदारांनी जमीन विकली नाही आणि स्वतः घरंही बांधली नाहीत. बांधणाऱ्याला ती दीर्घ मुदतीच्या, पुढे बहुधा ९९ वर्षांच्या पट्ट्यानं दिली. दर वर्षी थोडं भाडं घ्यायचं आणि मुदत संपली की जमीन परत घ्यायची, वरच्या घरासकट! नातवाच्या काळात आख्खा मोहल्ला घराण्याकडे परत यायचा.

श्रीमंत लंडनकरांनी हे चालवून घेतलं. कळ लागली ती दक्षिण वेल्समधल्या कोळसा खाणींच्या गावांना. एकोणिसाव्या शतकात तिथेही अशाच पट्ट्यांवर घरांच्या रांगा उभ्या राहिल्या होत्या. विसाव्या शतकाच्या मध्यावर मुदती संपू लागल्या, तेव्हा ज्या घराची डागडुजी आयुष्यभर केली, ते सोडा किंवा पुन्हा पैसे मोजा, असा पेच लोकांपुढे आला. हॅरॉल्ड विल्सन यांच्या सरकारनं १९६७ साली कायदा केला. जमीन मालकाची, पण घर न्यायानं राहणाऱ्याचं, हे त्यामागचं तत्त्व होतं. पात्र पट्टेदाराला घराखालची जमीन विकत घेण्याचा किंवा पट्टा ५० वर्षांनी वाढवून घेण्याचा हक्क मिळाला. ग्रोव्हनर घराण्याचे, म्हणजे वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकचे विश्वस्त याविरुद्ध थेट युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले आणि १९८६ साली हरले.

पण हा कायदा घरांपुरता होता, फ्लॅटवाले बाहेरच राहिले. मुळात तिकडे फ्लॅट पट्ट्यानंच का विकतात? जिना आणि छप्पर सगळ्यांचं असतं, त्याची दुरुस्ती प्रत्येकानं करायलाच हवी. पण संपूर्ण मालकीनं विकलेल्या घराच्या पुढच्या खरेदीदारावर असं बंधन इंग्रजी कायद्यात सहजी टाकता येत नाही. पट्ट्यानं टाकता येतं. आपल्याकडे ही अडचण सहकारी गृहनिर्माण संस्थेनं सोडवली. तिकडेही २००२ च्या कायद्यानं सामाईक मालकीची वाट उघडली, पण बांधकाम व्यावसायिक त्या वाटेला फारसे गेलेच नाहीत.

फ्लॅटवाल्यांना न्याय मिळाला तो १९९३ साली. उरलेल्या मुदतीत आणखी ९० वर्षं मिळवण्याचा त्यांना हक्क मिळाला, अर्थात ठरेल ती किंमत देऊन. वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकनी निषेध म्हणून हुजूर पक्षच सोडला! हा कायदा आणला होता, तो हुजूर पक्षाच्याच सरकारनं.

भाच्याच्या घाईचं कारण या किमतीच्या हिशेबात आहे. पट्टा वाढला की फ्लॅटचा भाव वाढतो. उरलेली मुदत ८० वर्षांहून अधिक असेल, तर ही वाढ हिशेबात धरत नाहीत. ८० च्या खाली गेली, की त्या वाढीचा निम्मा वाटा जमीनमालकाला द्यावा लागतो. म्हणजे एका वाढदिवसाचा उशीर काही हजार पौंडांना पडू शकतो. २०२४ च्या कायद्यानं हा वाटा रद्द करण्याची आणि ९० ऐवजी ९९० वर्षं देण्याची तरतूद केली, पण ही कलमं लगेच अमलात आली नाहीत. जमीनमालकांनी कोर्टात दाद मागितली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं ती फेटाळली. पण नव्या कलमांची वाट पाहायची, तर ८० ची रेघ पुढे उभीच. मी भाच्याला म्हटलं, "बाबा रे, वकिलाला विचार, पण तारीख चुकवू नकोस."

१९९३ च्या कायद्यातली एक गंमत राहिली. पट्टा वाढला की जमिनीचं वार्षिक भाडं उरतं ते मिरीचा एक दाणा! करार टिकण्यासाठी नावापुरतं काहीतरी द्यायचं, म्हणून हा इंग्रजी वकिली शब्द. प्रत्यक्षात कोणी तो मागत नाही. मला मात्र आपली मुंबई आठवली. १६६८ साली दुसऱ्या चार्ल्सनं आख्खी मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली, ती वर्षाला दहा पौंड भाड्यानं. त्या कंपनीची जहाजं सुरुवातीला निघाली होती, ती मिरीच्याच शोधात. आज आपला एक मुलगा लंडनमध्ये मिरीच्या एका दाण्याच्या भाड्यानं राहायला धडपडतो आहे. दाणा क्षुल्लक खरा, पण तो मिळवायला वेल्सच्या खाणकामगारांपासून आजवर किती माणसं भांडली, हे त्यानं विसरू नये.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)