फाळक्यांची भिंत आणि ५७,००० फोटो

तर मंडळी, भारतीय सिनेमा सुरू कुठे झाला? क्विझमध्ये विचारलं तर "कोरोनेशन, गिरगाव, ३ मे १९१३" सांगा आणि पूर्ण मार्क घ्या. माझ्या मते मात्र तो त्याच्या दोनेक वर्षं आधी एका घरातल्या भिंतीवर सुरू झाला.

'लाइफ ऑफ ख्राइस्ट' बघून झपाटलेल्या दादासाहेब फाळक्यांनी एक छोटं यंत्र आणि काही रिळं विकत आणली. रात्री मेणबत्तीचा उजेड भिंगातून सोडायचा, चित्रं भिंतीवर पाडायची आणि रोज चार-पाच तास बघत बसायचं. (तेव्हाची फिल्म बहुतेक नायट्रेटची, म्हणजे भुरकन पेटणारी. आणि शेजारी मेणबत्ती!) जागरणांनी डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासंच झालं. डॉ. प्रभाकरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली आणि स्वारी पुन्हा सिनेमाच्याच मागे. १९१२ मध्ये विम्याची पॉलिसी गहाण टाकून थेट लंडन गाठलं, कॅमेरा आणायला.

हाताने फिरवायचा एक जुना ८ एमएम प्रोजेक्टर माझ्याकडेही आहे. सुट्टीत गावी, परभणीतल्या बोरीला नेला होता. भिंतीवर चित्र पडलं आणि पोरांची हँडलसाठी मारामारी सुरू. जोरात फिरवलं की चित्रातला म्हातारा पळत सुटायचा, हळू फिरवलं की गोगलगाय.

मूकपटांचं अख्खं गणित त्या हँडलमध्येच आहे. तेव्हा कॅमेराही हातानेच फिरवायचे, सेकंदाला साधारण १६ चौकटी. बोलपट आले तसा आवाज नीट यावा म्हणून वेग २४ वर पक्का झाला. १६ ने काढलेलं २४ ने दाखवलं की सगळे दीडपट वेगाने धावणारच.

आता गंमत बघा. 'राजा हरिश्चंद्र'ची जाहिरात अशी होती: ५७,००० फोटो, दोन मैल लांब चित्र, तिकीट फक्त तीन आणे. ३५ एमएम फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी मावतात, म्हणजे ५७,००० चौकटींचे झाले साधारण ३,५६० फूट. पाऊण मैलसुद्धा नाही! मार्केटिंगवाले तेव्हाही असेच होते तर. पण फोटोंचा आकडा खरा वाटतो, कारण चित्रपटाची नोंदलेली लांबी ३,७०० फूट आहे.

आणि सगळीकडे या चित्रपटाचा कालावधी ४० मिनिटं दिलेला असतो. ५७,००० भागिले २४ करा, बरोबर ४० मिनिटं येतात. १६ ने भागा, जवळजवळ एक तास! म्हणजे हा आकडा बोलपटाच्या वेगाचा दिसतो. १९१३ च्या प्रेक्षकाने तीन आण्यांत तासभर सिनेमा बघितला असणार, आणि त्यातला हरिश्चंद्र राजासारखा चालत असणार, लोकल पकडायला निघाल्यासारखा नाही. आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात यातली दोनच रिळं आहेत, आणि तीही १९१७ च्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासक म्हणतात.

असो. या वीकेंडला यूट्यूबवर फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) लावा. माणसं धावताना दिसली तर प्लेबॅक स्पीड ०.७५ करा (खरं तर ०.६७ हवा). कृष्ण झालेली मुलगी म्हणजे फाळक्यांची लेक मंदाकिनी. तिचा चेहरा नीट बघायला मिळेल.