दक्षिणा कुणी दिली?

पर्वतीच्या पायथ्याला पेशवाईत रमणा होता. श्रावणात तेथे दक्षिणा वाटली जाई. लांबलांबून ब्राह्मण पुण्याला येत, विद्वानांची परीक्षा होई आणि योग्यतेप्रमाणे ज्याच्या त्याच्या ओंजळीत नाणी पडत. ही चाल मूळची तळेगावच्या दाभाड्यांची. पुढे ती पेशव्यांनी पुण्यात चालू ठेवली. तो रमणा केव्हाच नाहीसा झाला. त्याच पर्वतीच्या उतारावर आज घराला घर लागलेली दाट वस्ती आहे, आणि ह्या लेखाला निमित्त झाली ती त्या वस्तीतली एक मुलगी.

२०२०च्या पावसाळ्यातली गोष्ट. शाळा मार्चपासून बंद होत्या. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाई आपल्या सातवीतल्या मुलीला बरोबर आणू लागल्या. घरात मोबाइल एकच, तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जायचा, आणि वर्ग नेमका त्याच वेळी भरायचा. मी पडलो निवृत्त मास्तर. माझा मोबाइल दिवसभर रिकामाच. तो तिच्या हाती दिला आणि बालभारतीच्या संकेतस्थळावरून इतिहासाचे पुस्तक उतरवून घेतले. अख्खे पुस्तक पडद्यावर उघडलेले पाहून ती जराशी बावरली.

"आजोबा, याचे पैसे पडतात का हो?"

"नाही."

"मग हे दिलं कुणी?"

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र दोनशे वर्षांचे आहे. त्या दिवशी ते तिला सांगायचे राहिले, येथे सांगतो.

१८१८ साली पेशवाई बुडाली, पण दक्षिणा एकदम बंद करून शास्त्रीमंडळी दुखवणे एल्फिन्स्टनसाहेबाला शहाणपणाचे वाटले नाही. तिला कात्री लावून ती चालू राहिली, आणि तिच्याच पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. आजचे डेक्कन कॉलेज आपले मूळ तेथे शोधते. पैसा रयतेचा, पण शिकणारे ब्राह्मण, शिकायची ती शास्त्रे आणि भाषा संस्कृत. पर्वतीखालच्या कुणब्याच्या पोराला त्या वाड्याचा दरवाजा बाहेरूनच ठाऊक.

१८४९च्या सुमारास पुण्यातल्या काही तरुणांनी सरकारकडे अर्ज केला, की ह्या दक्षिणेतला काही भाग मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. त्यांच्यात लोकहितवादी, म्हणजे गोपाळ हरी देशमुख, होते. शहरात गहजब झाला. अर्जदारांच्या अंगावर लोक धावून जातील अशी वेळ आली, तेव्हा जोतीराव फुले आपली माणसे घेऊन त्यांच्या संरक्षणाला उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. दक्षिणेशी ज्यांचा कधी संबंध आला नाही अशी ती माणसे होती. अखेर १८५१ साली दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली आणि मराठी ग्रंथांना बक्षिसे मिळू लागली. नाणे ओंजळीत न पडता पुस्तकात पडावे, म्हणजे ते एकाचे न राहता पुष्कळांचे होते, ही कल्पना पुण्याने अशी भांडून मिळवली आहे.

पण पुस्तक पुष्कळांचे करायचे तर त्याचा भार कुणावर तरी पडतोच. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी तो स्वतःवर घेतला. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून आलेल्या ह्या गृहस्थाला सुखाची प्रोफेसरी करता आली असती. त्यांनी मराठीत ज्ञानकोश काढायचा असे मनात घेतले, त्यासाठी मंडळ उभे केले आणि वर्गणीदार जमवत ते गावोगाव हिंडले. तेवीस खंड झाले. त्या खटाटोपाचा हिशेब त्यांनी स्वतःच लिहिला आणि त्याला 'माझे बारा वर्षांचे काम' असे नाव दिले. १९३७ साली ते पुण्यात वारले, तेव्हा गाठीला पैसा नव्हता. ते तेवीस खंड पुढे यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने संकेतस्थळावर आणले. वर्गणीदार न होताही ते कुणालाही पाहता यावेत अशी सोय झाली. केतकरांना ती दिसायला हवी होती.

बालभारतीचे तसेच. २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक मंडळ पुण्यात स्थापन झाले, ते मुलांना बरे आणि स्वस्त पुस्तक मिळावे म्हणून. ती पुस्तके आता फुकट उतरवून घेता येतात. अलीकडे त्यांत चौकटीचौकटींचे एक चित्र असते. त्यावर मोबाइल धरला की धड्याशी संबंधित चित्रफीत उघडते. त्या चित्राला क्यूआर कोड म्हणतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे जिल्हा परिषदेचे शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांनी ही युक्ती आधी आपल्या शाळेत करून पाहिली होती. २०२० साली त्यांना त्यासाठी दहा लाख डॉलरचे जागतिक पारितोषिक मिळाले, आणि त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकले. ही दक्षिणा रमण्यावरच्या दक्षिणेहून निराळ्या जातीची खरी.

माझ्या ह्या विद्यार्थिनीला मात्र इतिहासाहून विज्ञान प्यारे. तिला मी अरविंद गुप्तांचे संकेतस्थळ दाखवले. आयआयटीतून इंजिनिअर होऊन टेल्कोत नोकरी केलेला हा माणूस टाकाऊ वस्तूंची खेळणी करण्यात रमला, आणि पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुकात अनेक वर्षे मुलांबरोबर बसला. आयुका डॉ. जयंत नारळीकरांनी उभारलेली. तेथल्या मुलांच्या विज्ञानशोधिकेची इमारत पु. ल. देशपांड्यांच्या स्मरणार्थ मिळालेल्या देणगीतून झाली. तिचे नाव 'पुलस्त्य'. ते सप्तर्षींतल्या एका ताऱ्याचे, आणि त्यात 'पुल'ही आलेच. गुप्तांनी शेकडो खेळण्यांच्या कृती आणि हजारो पुस्तके संकेतस्थळावर सर्वांना खुली केली.

मुलीने काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी मागितली. नळीचे तुकडे जोडून तिने एक त्रिकोण केला, एक चौकोन केला. चौकोन दाबला की कलंडे. त्रिकोण काही केल्या हलेना.

"आजोबा, त्रिकोण का हलत नाही?"

चित्रफितीत उत्तर असेलही. पण ती विचारत होती मला. मी जन्मभर इतिहास शिकवलेला. मी म्हटले, "मलाही नीट सांगता येत नाही. बघू या." आम्ही दोघांनी चौकोनात आडवी काडी बसवली, आणि तोही हलायचा थांबला. "म्हणजे याचे दोन त्रिकोण झाले!" ती ओरडली.

त्याच वर्षी जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' लागत असे. ज्या घरात नेट नाही त्या घरातही टीव्ही असतो, एवढा विचार एमकेसीएलच्या नॉलेज फाउंडेशनने केला होता. पण टीव्हीला उलट विचारता येत नाही, आणि पुस्तक फुकट असले तरी ते उघडायचा मोबाइल फुकट नसतो. लोकहितवादींनी, केतकरांनी, गुप्तांनी आपापले हप्ते भरले. शेवटचा हप्ता लहान आहे: एक रिकामा मोबाइल, एक रिकामा तास आणि "मलाही येत नाही, बघू या" म्हणायला शेजारी कुणीतरी. तो सरकारच्या किंवा संस्थेच्या खात्यात टाकून आपण मोकळे होऊ पाहतो. तो आपल्याच नावावर निघालेला आहे.

दुसऱ्या दिवशी ती आली ती वस्तीतल्या आणखी दोघांना घेऊन. काड्या कमी पडल्या. मी खाली जाऊन वाण्याकडून काडेपेट्यांचा पुडा आणला.