भिलाईचे रूळ आणि लिनक्सचे भांडार

भिलाईच्या पोलाद कारखान्यात तयार झालेला आगगाडीचा रूळ कधी जवळून पाहावयास मिळाला, तर त्याच्या मधल्या पट्टीवर उठावदार अक्षरे दिसतात. रूळ कोणी घडविला, कोणत्या महिन्यात व वर्षी घडविला, पोलाद कोणत्या प्रतीचे, हे ती अक्षरे सांगतात. लाल तापलेले पोलाद लाटले जात असतानाच ती त्यावर उमटतात, म्हणून ती मागाहून चिकटविता येत नाहीत. पुढे एखाद्या दूरच्या स्थानकाजवळ त्या रुळास तडा गेला, तर त्याचे मूळ शोधीत थेट भिलाईपर्यंत पोहोचता येते.

सोव्हिएत संघाशी भारताचा करार 2 फेब्रुवारी 1955 रोजी झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. रूळ लाटण्याची गिरणी 1960 मध्ये चालू झाली. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडाशी मराठी माणसाचा संबंध होताच. कारखान्याने विदर्भातील अनेक कुटुंबे तेथे नेऊन वसविली. आज त्याच परिसरात 2016 मध्ये स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था उभी आहे आणि कारखान्यात नोकरी केलेल्यांची नातवंडे संगणकावर काम करीत आहेत. त्यांच्या हाती येणारा मालही असाच कोणीतरी दूरवर घडविलेला असतो. मात्र तो डोळ्यांनी दिसत नाही, आणि त्यावर शिक्का कोणी व कसा मारावयाचा हा प्रश्न सुटण्यास कित्येक वर्षे लागली. त्या वर्षांचीच ही हकीकत आहे.

लिनूस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने ऑगस्ट 1991 मध्ये आपल्या नव्या प्रणालीची वार्ता जगास दिली. तिलाच पुढे लिनक्स हे नाव पडले. त्या वेळी लिनक्स वापरणाऱ्याची स्थिती मोठी विचित्र होती. प्रणालीचा गाभा एकीकडून आणावयाचा, मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम दुसरीकडून, छपाईचा तिसरीकडून. आणि सर्व आपल्या हाताने जुळवावयाचे. काढून टाकण्याची वेळ आली, म्हणजे कोणती फाइल कोणाची हेच उमगत नसे. विटा, चुना, लाकूड वेगवेगळ्या गावांहून आणून स्वतःच घर बांधणाऱ्याचे जे होते, तेच त्याचे होई.

या गोंधळास कंटाळून इयन मरडॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने ऑगस्ट 1993 मध्ये डेबियन हा उपक्रम जाहीर केला. हे नाव त्याने आपल्या व आपल्या मैत्रिणीच्या, डेब्राच्या, नावांतून जुळविले. कल्पना साधी होती: प्रत्येक प्रोग्रामाचे एक गाठोडे बांधावे, त्यात कोणत्या फाइली आहेत आणि तो चालण्यास आणखी काय काय लागते याची यादी घालावी, आणि प्रत्येक गाठोड्याची जबाबदारी एका ठराविक व्यक्तीने घ्यावी. या गाठोड्यास संगणकाच्या भाषेत पॅकेज म्हणतात. ती उलगडणारे डीपीकेजी नावाचे साधन तयार झाले. परंतु ते एकाच गाठोड्याचा विचार करी. त्यास लागणारी बाकीची गाठोडी शोधून आणण्याचे काम माणसाच्याच माथी राही. ही उणीव एपीटी या साधनाने भरून काढली. मार्च 1999 मधील डेबियनच्या आवृत्तीत ते आले आणि तेव्हापासून दूरच्या भांडारातून हवे ते गाठोडे, त्याच्या सर्व सोबत्यांसह, एका आज्ञेने मागविता येऊ लागले.

येथे दोन शब्दांचा घोटाळा पुष्कळांचा होतो, तो दूर केलेला बरा. 'अपडेट' या आज्ञेने संगणकावरील एकही प्रोग्राम बदलत नाही. भांडारात काय काय आले आहे याची ताजी यादी तेवढी येते. प्रत्यक्ष अदलाबदल होते ती 'अपग्रेड' या आज्ञेने. पहिलीवाचून दुसरी दिली, तर जुनी यादी वाचून बाजारहाट केल्यासारखे होते. अदलाबदलीच्या मध्येच वीज गेली तर काय, हा आपल्याकडील खरा प्रश्न. त्याचाही विचार या मंडळींनी केला होता. नवी फाइल प्रथम वेगळ्या नावाने शेजारी उतरवितात आणि ती पुरी झाल्यावरच तिला जुनीचे नाव देतात. दिवे परत आल्यावर अर्धवट राहिलेले काम पुरे करण्याची आज्ञाही आहे. वापरणाऱ्याने स्वतः एखाद्या मांडणीच्या फाइलीत फेरफार केले असतील, तर त्यास विचारल्यावाचून ते पुसले जात नाहीत. ही सभ्यता मला फार मोलाची वाटते.

तथापि गाठोडे मूळ घरूनच आले, वाटेत कोणी बदलले नाही, याची खात्री काय? डिफी आणि हेलमन यांनी 1976 साली जी गणिती वाट दाखविली, तिच्यातून संगणकीय स्वाक्षरी शक्य झाली. भांडाराच्या मुख्य पत्रकावर अशी एक स्वाक्षरी करतात. त्या पत्रकात याद्यांचे गणिती ठसे असतात आणि याद्यांत प्रत्येक गाठोड्याचा ठसा. एक अक्षर बदलले, तरी ठसा जुळत नाही. नोव्हेंबर 2003 मध्ये डेबियनच्या काही सर्व्हरांत एका चोराने प्रवेश मिळविला. भांडार सुदैवाने शाबूत राहिले, परंतु धोका किती जवळ आहे हे कळून चुकले. स्वाक्षऱ्या त्याआधीही होत होत्या. त्या संगणकाने आपण होऊन तपासाव्यात, अशी व्यवस्था एप्रिल 2007 च्या आवृत्तीपासून रूढ झाली.

मग शिक्का असला म्हणजे सारे निर्धोक झाले, असे कोणी समजेल. पुढल्याच वर्षी त्याचे उत्तर मिळाले. सप्टेंबर 2006 मध्ये डेबियनमधील ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या गाठोड्यातून, एक तपासणी-साधन तक्रार करते म्हणून, सद्हेतूनेच काही ओळी वगळण्यात आल्या होत्या. त्यामुळे ज्या गुप्त किल्ल्या अगणित असावयास हव्यात, त्या एकेका प्रकारात अवघ्या 32,768 उरल्या. हा दोष मे 2008 मध्ये उघड झाला, तोवर जगभर दुबळ्या किल्ल्या वाटल्या गेल्या होत्या. त्या गाठोड्यावरील शिक्का मात्र अगदी अस्सल होता. शिक्का माल कोठून आला ते सांगतो. तो कसा आहे ते सांगण्यास निराळी परीक्षा लागते. रुळाचीही अक्षरे वाचून भागत नाही, ध्वनिलहरींनी त्याचे पोट तपासावे लागते.

या अनुभवांमुळेच डेबियनच्या 'स्थिर' शाखेचा रिवाज अधिक अर्थपूर्ण वाटू लागतो. तेथे दोष सापडला, म्हणजे प्रोग्रामाची अगदी नवी आवृत्ती सहसा आणीत नाहीत. जुन्याच आवृत्तीस तेवढे ठिगळ लावतात. आकडा जुना दिसतो म्हणून नवशिक्या मनुष्य नाराज होतो आणि कोठल्या तरी अनोळखी जागेची एक ओळ उचलून, मुख्य अधिकाराने, आपल्या संगणकावर चालवितो. त्या एका ओळीने वर सांगितलेले सारे पहारे ओलांडले जातात.

मार्च 2024 मध्ये घडलेला प्रसंग तर विलक्षण आहे. एक्सझेड या लहानशा, जवळजवळ सर्व लिनक्स संगणकांवर असणाऱ्या साधनाची देखभाल एक थकलेला गृहस्थ विनामूल्य करीत होता. कोणी एक 'जिया तान' दोन वर्षांहून अधिक काळ मदत करीत, विश्वास संपादन करीत राहिला आणि अखेर त्याने 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट ठेविली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरच्या संगणकावर प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, असे आढळले. दुसऱ्या कोणी तिकडे दुर्लक्ष केले असते. त्याने पाठपुरावा करून 29 मार्च रोजी ही गोष्ट जगापुढे मांडली. डेबियनच्या चाचणीच्या शाखांत ते गाठोडे पोहोचले होते. स्थिर शाखेत नव्हते.

आपल्याकडे प्रगत संगणन विकास केंद्र पुण्यास 1988 मध्ये स्थापन झाले. त्याच संस्थेच्या चेन्नई येथील शाखेने 2007 साली डेबियनच्या पायावर 'बॉस' ही भारतीय प्रणाली सादर केली. फेब्रुवारी 2009 मध्ये डेबियनची 'लेनी' ही आवृत्ती आली, तेव्हा ती संगणकावर बसविताना विचारले जाणारे प्रश्न मराठीतही उपलब्ध झाले. भाषांतर स्वयंसेवकांनी केले होते. संगणकाच्या तबकडीचे भाग कसे पाडावयाचे, मुख्य अधिकाराचा परवलीचा शब्द कोणता ठेवावयाचा, गाठोडी कोणत्या भांडारातून घ्यावयाची, हे सर्व भिलाईतील मराठी घरातला मुलगा तेव्हापासून आपल्या आजीस वाचून दाखवू शकत होता.