बंद पडायला आलेली बुलेटची कंपनी पुन्हा कशी उभी राहिली?

गोष्ट २००० सालची. रॉयल एनफिल्डच्या फॅक्टरीत महिन्याला ६ हजार गाड्या बनू शकत होत्या, पण खपत होत्या जेमतेम २ हजार. कंपनी आयशर ग्रुपच्या ताब्यात होती आणि ती ठेवायची की गुंडाळायची, यावर चर्चा सुरू होती. तेव्हा विक्रम लाल यांचा २६ वर्षांचा मुलगा सिद्धार्थ लाल याने एक संधी मागितली. ती मिळाली.

गाडीला नाव नव्हतं असं नाही. १९०१ मध्ये इंग्लंडमध्ये पहिली मोटरसायकल, पुढे भारतीय लष्कराची ऑर्डर, १९५५ पासून मद्रासमध्ये उत्पादन. मूळ ब्रिटिश कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली, पण मद्रासची बुलेट चालूच राहिली.

अडचण वेगळीच होती. बुलेटचा रुबाब सगळ्यांना हवा होता, बुलेट मात्र नको होती. इंजिनातून ऑइल गळायचं, किक उलटी बसली की पाय सुजायचा. त्यात गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. हिरो होंडावर शिकलेला पोरगा बुलेटवर बसला की ब्रेक समजून गिअर दाबायचा!

आता हे बदलायचं तर जुने चाहते चिडणार. त्यांच्या मते बुलेट चालवणं येरागबाळ्याचं काम नव्हतंच. आणि नाही बदलायचं तर नवीन गिऱ्हाईक फिरकणार नाही.

कंपनीने गिअर डावीकडे आणला, बटण स्टार्ट दिलं. पण खरा प्रश्न इंजिनाचा होता. जुनं इंजिन बिडाचं, गिअरबॉक्स वेगळा. नव्या इंजिनात दोन्ही एकाच ॲल्युमिनियमच्या केसमध्ये आले. गळती थांबली, देखभाल कमी झाली. धोका एकच, ती ओळखीची धडधड जाण्याचा. मोठा सिलिंडर, पिस्टनचा लांब स्ट्रोक आणि कमी आरपीएम यांतून तो आवाज येतो. म्हणून ही रचना तशीच ठेवली आणि आवाजावर वेगळी मेहनत घेतली. (चौकात फटाके फोडणारे सायलेन्सर कंपनीचे नसतात. ते बाहेरून बसवतात आणि पोलीस त्यावरच रोलर फिरवतात.)

२००९ मध्ये क्लासिक आली. दिसायला १९५० च्या जमान्यातली, आतून नवी. वेटिंग काही महिन्यांवर गेलं. २०१० मध्ये वर्षाला सुमारे ५२ हजार गाड्या विकणाऱ्या कंपनीने २०१४ मध्ये ३ लाखांचा आकडा गाठला आणि जगभरातल्या विक्रीत हार्ले डेव्हिडसनला मागे टाकलं.

यात एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, पण ती इंजिनाइतकीच महत्त्वाची आहे. आयशरचे तेव्हा १५ धंदे होते, अगदी बूट आणि कपडेसुद्धा. सिद्धार्थ लाल यांनी त्यातले १३ सोडले. ट्रॅक्टरचा धंदाही २००५ मध्ये विकला, आणि आयशरची ओळखच ट्रॅक्टरची होती. उरले ट्रक आणि मोटरसायकल.

पुढचा रस्ता सरळ नव्हता. २०१८-१९ मध्ये विक्री ८ लाखांवर गेली आणि मग घसरली. जावा परत आली, होंडाने २०२० मध्ये थेट ३५० सीसीची गाडी उतरवली, वर लॉकडाऊन. पुन्हा नवीन इंजिन आणावं लागलं. २०२२ मध्ये आलेली हंटर तर क्लासिकपेक्षा हलकी आणि बुटकी, म्हणजे शहरातल्या पोरांसाठीच. २०२४-२५ मध्ये कंपनीने पहिल्यांदाच वर्षाला १० लाखांचा टप्पा ओलांडला.

यातल्या बहुतेक गाड्या ३५० सीसीच्या आहेत आणि कंपनीची ताकद तिथेच आहे. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला, त्यावरच्यांवर ४० टक्के. म्हणजे क्लासिक, हंटर स्वस्त झाल्या. हिमालयन ४५० आणि ६५० सीसीवाल्या महागल्या. त्यात बजाज चाकणमध्ये ट्रायम्फच्या गाड्या बनवतंय, तेव्हा जुन्या ब्रिटिश नावाची मक्तेदारीही राहिलेली नाही.

आता इलेक्ट्रिकची पाळी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात आपली पहिली इलेक्ट्रिक बाईक दाखवली. नाव फ्लाइंग फ्ली. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटने खाली टाकायच्या कंपनीच्याच १२५ सीसी गाडीचं हे नाव. ब्रँड वेगळा ठेवलाय, टाकीवर बुलेट किंवा क्लासिक लिहिलेलं नाही. आणि बॅटरीला धडधड नसते.