सुभाष गुप्ते : एका धंदेवाईक खेळाडूचें चरित्र

आमच्या मध्यमवर्गीय घरांतून खेळाविषयीं एक ठरलेलें मत आढळतें. मुलानें सायंकाळीं घटकाभर मैदानावर जावें, शरीर कमवावें, शाळेसाठीं एखादी ढाल जिंकून आणावी, येथवर कोणाचीच हरकत नसते. परंतु त्याच मुलानें खेळावरच पोट भरण्याची भाषा केली कीं घरांत एकदम शांतता पसरते. नांदेड आणि लातूर हीं तर आज शिकवणीवर्गांचीं गांवें. दहावीची परीक्षा जवळ आली कीं माळ्यावर गेलेली बॅट बहुधा परत खालीं येत नाहीं. या भीतीला मुळींच आधार नाहीं, असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु ती नेमकी कशाची असावी, हें ठरविण्यापूर्वीं एका मराठी खेळाडूचें चरित्र पाहणें उपयोगाचें होईल.

त्यासाठीं प्रथम इंग्लंडांतील लँकेशायर परगण्यांत जावयास हवें. तेथील गिरणगांवांनीं १८९२ सालीं ‘लँकेशायर लीग’ या नांवाची क्रिकेटची संघटना स्थापन केली. प्रत्येक संघांत धंदेवाईक खेळाडू एकच. बाकीचे दहाजण गिरणींतले कामगार, दुकानदार, शाळामास्तर असे गांवचेच हौशी लोक. त्या एकट्याशीं हंगामाचा करार होई. त्यानें अर्धशतक काढलें किंवा एका डावांत बरेच गडी बाद केले, तर प्रेक्षकांतून डबा फिरवून पैसे गोळा करीत व ते त्याला देत. त्रिनिदादचे लिअरी कॉन्स्टंटाईन १९२९ पासून नेल्सन या गांवाकडून अशा रीतीनें खेळले आणि त्या गांवाचे लाडके झाले.

नांदेडकरांना हें चित्र समजण्यास सायास पडूं नयेत. उस्मानशाही गिरणीच्या भोंग्यावर ज्या गांवाचा दिवस एके काळीं चाले, त्याला गिरणगांवाची रविवारची सुटी म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. शिवाय कापसाचें नातें जुनें आहे. १८६१ ते १८६५ या काळांतील अमेरिकन यादवी युद्धामुळें तेथील कापूस तुटला, तेव्हां लँकेशायरच्या गिरण्यांनीं हिंदुस्थानच्या कापसाकडे धांव घेतली. ज्या वाटेनें आमच्या गांठी गेल्या, त्याच वाटेनें पुढें आमचे खेळाडूही गेले. अमरसिंह कोल्नकडून खेळले, विजय हजारे रॉटेन्स्टॉलकडून खेळले, आणि विनू मंकड हॅस्लिंग्डनकडून.

मंकडांच्या प्रसंगानें या धंद्यांतली खरी अडचण उघडी पडली. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठीं आपली निवड निश्चित होईल काय, असें त्यांनीं क्रिकेट मंडळास विचारलें. तसें आश्वासन न मिळाल्यामुळें त्यांनीं हॅस्लिंग्डनशीं करार केला. पुढें लीड्सच्या कसोटींत भारताचे दुसऱ्या डावांतील पहिले चार गडी शून्य धांवेवर बाद झाले, तेव्हां मंडळाला मंकड आठवले. हॅस्लिंग्डननें त्यांस मोकळें केलें आणि लॉर्ड्सवर त्यांनीं ७२ व १८४ धावा काढून एका डावांत पांच गडीही टिपले. सामना मात्र भारतानें गमावला.

आतां आमच्या नायकाकडे वळूं. सुभाष गुप्ते यांचा जन्म मुंबईंत ११ डिसेंबर १९२९ रोजीं झाला. मनगटानें चेंडू वळविणारे ते लेगस्पिन गोलंदाज. त्यांच्याजवळ दोन निरनिराळ्या गुगल्या होत्या, आणि कसलेल्या फलंदाजालाही चेंडू कोणत्या बाजूस वळेल हें हातावरून ओळखतां येत नसे. कलकत्त्यास इंग्लंडविरुद्ध ते आपला पहिला कसोटी सामना खेळले. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यांत त्यांनीं कसोटींतून २७ गडी बाद केले. १९५४-५५ च्या हंगामांत मुंबईकडून खेळतांना एका पाकिस्तानी संघाच्या एकाच डावांतील दहाही गडी त्यांनीं ७८ धावांत घेतले. १९५५-५६ सालीं न्यूझीलंडविरुद्धच्या पांच कसोटींत त्यांस ३४ बळी मिळाले.

याच सुमारास ते लँकेशायरमधील रिश्टन या लहानशा गांवाचे धंदेवाईक खेळाडू झाले. मायदेशीं सुकी खेळपट्टी आणि मॅटिंग यांवर चेंडू फिरविण्याची संवय. तेथें ओलें गवत, गार वारा आणि ढगाळलेलें आकाश. समोर बेकपकडून खेळणाऱ्या एव्हर्टन वीक्ससारखे फलंदाज. हौशी खेळाडूचा एखादा दिवस वाईट गेला तर तो हंसून घरीं जातो. धंदेवाईकाचा वाईट दिवस सर्व गांव मोजतें, कारण त्याचें वेतन गांवानेंच दिलेलें असतें. ही शिस्त कठोर आहे, परंतु तिच्यांत एक सरळपणाही आहे. काय द्यावयाचें आणि काय घ्यावयाचें, हें दोन्ही पक्षांस आधींच ठाऊक असतें.

१९५८ च्या डिसेंबरांत कानपूरला गुप्ते यांनीं वेस्ट इंडीजचे नऊ गडी १०२ धावांत बाद केले. दहावा तेवढा वसंत रांजणे यांच्या वांट्यास गेला. तरीही भारत २०३ धावांनीं हरला. १९६१ सालीं त्याच कानपुरांत इंग्लंडचे पांच गडी ९० धावांत टिपून त्यांनीं त्या संघावर फॉलोऑन आणला. भारताविरुद्ध इंग्लंडवर असा प्रसंग प्रथमच येत होता.

आणि लगेच पुढच्याच सामन्यांत, दिल्लीस, सर्व संपलें. हॉटेलांत गुप्ते यांच्या खोलींत राहणाऱ्या सहकाऱ्यानें तेथील स्वागतिकेला आपल्याबरोबर पेय घेण्यासाठीं दूरध्वनीवरून बोलाविलें. तिनें तक्रार केली आणि मंडळानें दोघांवरही बंदी घातली. त्या दूरध्वनीशीं आपला कांहीं संबंध नव्हता, हें गुप्ते यांचें म्हणणें अखेरपर्यंत कायम होतें. १९६२ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यांतून त्यांस वगळण्यांत आलें, आणि तेथें भारत पांचही कसोटी हरला. बत्तिसाव्या वर्षीं, ३६ कसोटींत १४९ बळी घेतलेल्या गोलंदाजाला पुन्हां बोलावणें आलें नाहीं.

त्रिनिदादमधील एका भारतीय वंशाच्या तरुणीशीं त्यांनीं विवाह केला होता. ते तिकडेच जाऊन स्थायिक झाले आणि साखर उद्योगांत नोकरी करूं लागले. १८४५ पासून त्याच बेटावरील उंसाच्या मळ्यांत राबण्यासाठीं हिंदुस्थानांतून गिरमिटिये नेण्यांत आले होते. त्यांच्या वंशजांत हा मुंबईकर मिसळून गेला. गॅरी सोबर्स यांनीं आपण पाहिलेल्या लेगस्पिनरांत गुप्ते यांस सर्वांत वरचें स्थान दिलें. मायदेशानें मोठ्या सन्मानानें, म्हणजे सी. के. नायडू पुरस्कारानें, त्यांची आठवण केली ती २००० सालीं. ३१ मे २००२ रोजीं पोर्ट ऑफ स्पेन येथें त्यांचें निधन झालें.

या चरित्रावरून खेळाचा धंदा वाईट, असा निष्कर्ष कोणी काढील. आम्हांस नेमकें उलट दिसतें. पैसे घेऊन खेळणें हें हलकें आणि देशासाठीं मानानें खेळणें हें उच्च, असें आम्ही मानीत आलों. परंतु परक्या गिरणगांवानें गुप्ते यांच्याशीं जो व्यवहार केला, त्याच्या अटी लिहिलेल्या होत्या. मान देणाऱ्यांच्या अटी कोठेंच लिहिलेल्या नव्हत्या, म्हणून तो एका रात्रींत काढून घेतां आला, आणि त्यावर दाद मागण्यास जागा उरली नाहीं. पोट भरण्याची चिंता खरी आहेच. पण खेळाडूला त्याहूनही अधिक गरज असते ती त्याचें म्हणणें ऐकून घेणाऱ्या व्यवस्थेची.

तेव्हां उद्यां आपल्या घरांतला मुलगा किंवा मुलगी खेळाचा धंदा करावयाचें म्हणेल, तर "खेळून पोट भरेल काय?" हा प्रश्न पालकांनीं अवश्य विचारावा. परंतु तो विचारून थांबूं नये. "तुझ्यावर आळ आला तर तुझ्या बाजूनें कोण उभें राहील?" हेंही विचारावें. सुभाष गुप्ते यांच्या बाजूनें १९६१ च्या डिसेंबरांत कोणी उभें राहिलें असतें, तर त्यांचीं पुढचीं वर्षें मैदानावर गेलीं असतीं, आणि त्यांचा लाभ आपणां सर्वांस झाला असता.